मुहुरीच्या वळणावरची रेघ

चूक पहिल्याच दिवशी झाली आणि तिघांचीही एकच झाली. मी धुळ्यात नकाशाशास्त्र आणि जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे करायचं तंत्र, शिकवतो. गेल्या पावसाळ्यात तीन विद्यार्थ्यांना एक काम दिलं होतं. त्रिपुरातल्या बेलोनियाजवळ भारत-बांगलादेश सीमा मुहुरी नदीच्या अंगानं जाते, तेवढा वळणावळणाचा तुकडा संगणकावर काढून आणायचा. तिघांनी उपग्रहचित्र उघडलं, नदी शोधली, पाण्याच्या पट्ट्याच्या मधोमध रेघ ओढली आणि तासाभरात माझ्यापुढं ठेवली. रेघा दिसायला देखण्या होत्या. पण त्या आजच्या नदीच्या होत्या, आणि सीमा आजच्या नदीवर ठरलेली नाही.

हाच तुकडा का निवडला ते सांगतो. भारत आणि बांगलादेश यांच्यातली जमिनीवरची सीमा सुमारे ४,०९६ किलोमीटर आहे. फाळणीची सीमा ठरवणाऱ्या रॅडक्लिफ यांनी १९४७ साली कागदावर दिलेली रेघ जमिनीवर उतरवायला दोन पिढ्या लागल्या. शेवटी तीन ठिकाणचे मिळून सहा-साडेसहा किलोमीटर तेवढे उरले: पश्चिम बंगालच्या बाजूला दइखाता-५६, आसामच्या बाजूला लाठीटिला-डुमाबाडी आणि त्रिपुराच्या बाजूला मुहुरी. मुहुरी त्रिपुराच्या डोंगरांतून उतरते, बेलोनियाला लागून वाहते आणि बांगलादेशातल्या फेनी जिल्ह्यात शिरते. तिनं पात्र बदललं तसा मधे चर उघडा पडला. चर म्हणजे नदीनं टाकलेल्या गाळाची जमीन, आपल्याकडं जिला मळई म्हणतात तीच. या मुहुरी चरावरून दोन्ही बाजूंच्या सीमादलांत गोळीबारही झाले आहेत. एवढ्याशा जमिनीसाठी एवढं कशाला, हा प्रश्न तापी-गिरणेच्या काठावर वाढलेल्या माणसाला पडत नाही. मळईच्या दोन एकरांसाठी सख्खे भाऊ किती वर्षं कोर्टात जातात ते त्यानं पाहिलेलं असतं.

आता मूळ कागद. १६ मे १९७४ रोजी इंदिरा गांधी आणि शेख मुजीबुर रहमान यांनी जमीन-सीमा करारावर सह्या केल्या. त्यात मुहुरीबद्दल थोडकंच लिहिलं आहे. आखणीच्या वेळी नदी जिथून वाहत असेल त्या प्रवाहाच्या मध्यातून सीमा आखावी, ती कायमची सीमा समजावी आणि दोन्ही सरकारांनी आपापल्या बाजूला तटबंध घालून नदीला त्याच पात्रात स्थिर ठेवावं. वाचायला सोपं, पण आखणी काही झाली नाही. नदी मात्र वाहत राहिली. मग ६ सप्टेंबर २०११ रोजी ढाक्यात या कराराला जोड म्हणून एक प्रोटोकॉल झाला आणि त्यात मुहुरीचा परिच्छेद नव्यानं लिहिला गेला. २०१५ साली घटनेची शंभरावी दुरुस्ती होऊन हे सगळं अमलात आलं.

दुसऱ्या दिवशी मी तिघांना संगणक बंद करायला लावला आणि २०११चा तो परिच्छेद छापून हातात दिला. साक्रीची विद्यार्थिनी मोठ्यानं वाचायला लागली. सीमास्तंभ २१५९/४८-एस पासून पश्चिमेकडं, दोघांनी मिळून केलेल्या निर्देशक नकाशात दाखवलेल्या सहमतीच्या रेघेनं जायचं. ही रेघ स्मशानघाटाच्या दक्षिण हद्दीला भिडेपर्यंत चालायची. तो घाट १९७७-७८च्या संयुक्त मोजणीच्या नकाशात दाखवला आहे तसाच धरायचा. तिथून घाटाच्या बाहेरच्या कडेनं नैऋत्येला, मग कडेकडेनंच वळून सध्याच्या मुहुरी नदीच्या मध्याला मिळायचं. पुढं नदीच्या मध्यप्रवाहातून सीमास्तंभ २१५९/३-एस पर्यंत. ही सीमा कायम. वाचता वाचता ती थांबली. म्हणाली, "सर, यात तर रेघ आधी नदीत नाहीच आहे."

तिनं अगदी नेमकं पकडलं होतं. आम्ही सगळे 'नदीची सीमा' म्हणत होतो, पण त्या सीमेचे तीन तुकडे आहेत आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या आधारावर उभा आहे. पहिल्याचा आधार सहमतीचा नकाशा. दुसऱ्याचा आधार स्मशानघाटाची कड, तीही १९७७-७८च्या मोजणीतली. तिसऱ्याचा आधार नदी, पण २०११ साली 'सध्याची' म्हटलेली. म्हणजे एकाच रेघेत किमान दोन तारखा आहेत. आमच्या पडद्यावरचं ताजं चित्र यातल्या कुठल्याच तारखेचं नव्हतं.

त्या घाटाबद्दल वर्गात बराच वेळ बोलणं झालं. परराष्ट्र खात्याच्या कागदात स्मशानाची कड यावी याचं अमळनेरच्या मुलाला नवल वाटलं. मला ते फार खरं वाटतं. गावात नदीकाठची कुठली जागा सगळ्यांना ठाऊक असते, तर घाट आणि स्मशान. बांध सरकतो, झाड पडतं, पण माणसं जिथं आपली माणसं पोचवतात ती जागा पिढ्यान्‌पिढ्या कुणी विसरत नाही. आखणी करणाऱ्यांना सरकत्या नदीच्या काठी न सरकणारी खूण हवी होती, आणि तिथं ती होती. रेघ घाटातून जात नाही, बाहेरच्या कडेनं वळसा घालते. वळण नदीचंच असतं असं नाही, हेही या तुकड्यानं शिकवलं.

मग नदीच्या तुकड्याकडं आलो. २०११च्या आसपासचं चित्र हवं होतं. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रात एक ठिपका दहा मीटरचा असतो, पण ती चित्रं २०१५ नंतरची, ती बाद. लँडसॅट-५ त्या वर्षी चालू होता, पण त्याचा एक ठिपका तीस मीटरचा. मुहुरीसारख्या लहान नदीला तीस मीटरचा ठिपका म्हणजे जाड खडूनं काढलेली रेघ. तिचा मध्य पंधरा मीटर इकडंतिकडं सहज होणार. तेव्हा आमची रेघ अभ्यासाचीच राहणार, हे तिथंच ठरलं. तसंही भारताची बाह्य सीमा दाखवणारा नकाशा छापायचा तर ती भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाबरहुकूमच लागते, वेगळी दाखवणं हा कायद्यानं गुन्हा आहे. मुलांना हे पहिल्या तासालाच सांगायला हवं होतं. मी ते तिसऱ्या दिवशी सांगितलं.

मध्यप्रवाह म्हणजे काय, इथं पुन्हा अडलो. सरळ वाहणाऱ्या नदीत दोन्ही काठांपासून सारखं अंतर धरलं की झालं. वळणावर तसं चालत नाही. पाणी बाहेरच्या काठाला जोरात घासतं, तिथली दरड कापतं, डोह पाडतं आणि आतल्या बाजूला वाळू टाकतं. सगळ्यात खोल धार त्यामुळं बाहेरच्या दरडीला चिकटून जाते, तर काठांमधली समान अंतराची रेघ पात्राच्या मध्यावर राहते. दोन्ही रेघांना लोक 'नदीचा मध्य' म्हणतात. शिवाय काठ कुठला धरायचा? वैशाखात पाण्याची कड आत सरकलेली असते, श्रावणात ती दरडीला टेकते. आतल्या बाजूचा वाळूचा पट्टा उन्हाळ्यात जमीन असतो आणि पुरात नदी. आम्ही असं ठरवलं: काठ म्हणजे दरडीची वरची कड, जिथं झाडोरा सुरू होतो ती. मध्य म्हणजे दोन्ही काठांपासून समान अंतर. दोन्ही काठांवर दाट बिंदू टाकायचे, त्यांचे थिसेन बहुभुज, म्हणजे प्रत्येक बिंदूला सगळ्यात जवळच्या जागेच्या आकृत्या, करायचे आणि बहुभुजांच्या ज्या कडा नदीच्या आत राहतात त्यांची साखळी जोडायची. अधूनमधून बाजूला फुटणारे काटे हातानं छाटायचे. करारात 'मध्यप्रवाह' आहे, आमची व्याख्या नाही. म्हणून ती व्याख्या नकाशावरच लिहायची, असंही त्याच दिवशी ठरलं.

या प्रकरणाचा खरा गाभा मात्र पुढं आला, आणि तो मामांमुळं आला.

माझे मामा निवृत्त भूकरमापक. चोपडा, यावल, शिरपूर अशा तालुक्यांत त्यांनी आयुष्यभर मोजण्या केल्या. एका संध्याकाळी मुलांनी केलेलं काम त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून पडद्यावरच्या रेघेकडं पाहिलं आणि विचारलं, "हाई वळणवर बिंदू इतला लांब लांब काब्र टाक्यात?" शिरपूरच्या मुलानं सांगितलं की आम्ही नदीच्या सरळ भागात साठ मीटरवर एक बिंदू घेतला होता, तोच हिशोब वळणावर चालवला. मामा म्हणाले, "वाकडं शे तं वाकडंच लिखानं, सरळ करानं नही." मग कागद घेऊन त्यांनी टिपण कसं करतात ते काढून दाखवलं. आधी एक सरळ पाया टाकायचा. पायावर साखळी धरायची, तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची. नाल्याच्या कडेला जिथं वळण फिरतं तिथं तिथं पायावरून काटकोनात लंब काढायचा आणि दोन आकडे लिहायचे: पायावर किती साखळ्या-आणे, लंबावर किती साखळ्या-आणे. सरळ कडेला चार लंब पुरतात. जिथं नाला फिरतो तिथं लंब जवळजवळ. किती जवळ, असं विचारलं तर म्हणाले, दोन लंबांच्या मधे दोरी ताणली आणि कड दोरीपासून आण्याहून जास्त सुटली, तर मधे आणखी एक लंब घ्यायचा.

त्यांचा हा आणा मी मीटरमध्ये काढला. तेहतीस फूट म्हणजे १०.०६ मीटर, त्याचा सोळावा भाग सुमारे ६३ सेंटिमीटर. दोरी आणि कड यांच्यातल्या अंतराचं सूत्र भूमितीत आहेच: दोन बिंदूंमधल्या अंतराचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट. दीडशे मीटर त्रिज्येचं वळण धरा. बिंदू साठ मीटरवर ठेवले तर रेघ खऱ्या वळणापासून तीन मीटर आत पडते. शंभरावर ठेवले तर सव्वाआठ मीटर. फरक अर्ध्या मीटरच्या आत ठेवायचा तर बिंदू साडेचोवीस मीटरवर घ्यावे लागतात, म्हणजे जवळपास अडीच साखळ्या. वळण हजार मीटर त्रिज्येचं ऐसपैस असेल तर त्याच अर्ध्या मीटरसाठी त्रेसष्ट मीटरचं अंतर चालून जातं. म्हणजे आमचा साठ मीटरचा हिशोब सरळ भागाला योग्यच होता, वळणाला मात्र अजिबात नव्हता.

एक गोष्ट मुलांच्या लक्षात येत नव्हती, ती मला इथं ठळक मांडायची आहे. बिंदू जोडणारी सरळ रेघ वळणाच्या नेहमी आतल्या बाजूलाच पडते. कधी आत, कधी बाहेर अशी ही चूक नाही की सगळं मिळून फिटंफाट होईल. वळणाच्या आतल्या बाजूला ज्याची जमीन आहे त्याची दर तुकड्याला थोडी थोडी कमी होते, आणि बाहेरच्याची तेवढीच वाढते. दीडशे मीटर त्रिज्येचं, ३६० मीटर लांबीचं वळण साठ-साठ मीटरच्या सहा तुकड्यांत काढलं तर प्रत्येक तुकड्यात सुमारे १२० चौरस मीटर इकडचं तिकडं जातं. एकूण ७२०, म्हणजे सात गुंठे. तेच वळण साडेचोवीस मीटरच्या तुकड्यांत काढलं तर सव्वा गुंठ्याच्या आसपास. कुणीही लबाडी केली नाही, कुणी बांध कोरला नाही, फक्त बिंदू कमी टाकले आणि सात गुंठे गेले. शेजारी देश असो की शेजारी शेतकरी, त्याला याचं उत्तर द्यावंच लागतं.

हे कागदावर पटलं, तरी पायाखाली यावं म्हणून एका रविवारी धुळ्याबाहेर पांझरेच्या एका वळणावर गेलो. मामा बरोबर होते. त्यांच्याकडं जुनी साखळी होती, आमच्याकडं उसना आणलेला रोव्हर, म्हणजे उपग्रहावरून जागा मोजणारं यंत्र. मुलांनी आधी मामांच्या पद्धतीनं पाया टाकून लंब घेतले आणि मग त्याच बिंदूंवर रोव्हर धरला. वळणाच्या ऐन पोटात मुलगी लंब मोजत होती आणि मामा काठावरून तिला सांगत होते, "माय, दरडनी कड धर, पानीनी नको धरू. पानी उद्या हालीन." ठरवलेली व्याख्या त्यांनी एका वाक्यात सांगून टाकली होती. घरी येऊन दोन्ही आकडे एकावर एक ठेवले. वळण जुळलं, फक्त एका ठिकाणी दोन आण्यांचा फरक निघाला. तिथं दगड होता आणि साखळी त्याच्यावरून गेली होती.

परत मुहुरीकडं. नवीन बिंदूंनी रेघ काढली आणि शिरपूरच्या मुलानं सवयीनं तिच्यावर 'सिम्प्लिफाय' चालवलं, फाईल हलकी व्हावी म्हणून. सॉफ्टवेअरमधली ती क्रिया बहुधा डग्लस-पॉयकर पद्धतीची असते, १९७३ची. सांगितलेल्या मर्यादेपेक्षा कमी सुटणारे बिंदू ती काढून टाकते. त्यानं मर्यादा दहा मीटर ठेवली होती. दोन दिवस मेहनतीनं टाकलेली वळणं एका टिचकीत सपाट झाली. रस्ते-नाले दाखवणाऱ्या जिल्हा नकाशाला ही सोय उत्तम आहे. पन्नास हजारांत एक या प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघच पंचवीस मीटर जागा खाते, तिथं दहा मीटरचं कुणाला काय. सीमेच्या मूळ फाईलवर मात्र ती चालवू नये. दाखवायची प्रत वेगळी करावी आणि मूळ रेघेला हात लावू नये. उलटी चूकही होते: वळण गुळगुळीत दिसावं म्हणून 'स्मूथ' केलं की रेघ जिथं कधी नव्हतीच तिथं फुगते. दोन्ही क्रिया आम्ही या कामापुरत्या बंद केल्या.

आधारपृष्ठाचं, म्हणजे पृथ्वीचा जो आकार धरून अक्षांश-रेखांश मोजतात त्याचं, लफडं थोडक्यात सांगतो, कारण ते वळणाचं नाही, पण त्यात अख्खं वळण हरवतं. भारतीय उपखंडातले जुने नकाशे एव्हरेस्टच्या १८३० सालच्या गोलाभावर बांधलेले आहेत, उपग्रहाचे आकडे डब्ल्यूजीएस-८४ वर. त्रिपुराच्या रेखांशावर या दोन्हींत सुमारे तीनशे मीटरांचा सरक येतो, तोही बहुतेक पूर्व-पश्चिम. जुन्या नकाशावरचा सीमास्तंभ रूपांतर न करता टाकला तर तो खऱ्या जागेपासून तेवढाच दूर, भलत्याच ठिकाणी उभा राहील. आपल्या खान्देशात हा सरक कमी आहे, पण आहे. १९७७-७८च्या नकाशावरून घाटाची कड घ्यायची तर हे आधी सोडवावं लागतं.

आणखी एक गोष्ट मामांच्या बोलण्यातून आली. त्यांनी विचारलं, पलीकडच्या गावाचा नकाशाही तुम्हीच काढता का? आम्ही बांगलादेशाचा बहुभुज, म्हणजे त्याच्या हद्दीची बंद आकृती, वेगळा काढला होता, त्याचे बिंदू वेगळे. दोन्ही जोडल्यावर कुठं फट, कुठं एकावर एक. मामा म्हणाले, बांध एकच असतो, दोन गटांचे दोन बांध नसतात. मग रेघ एकदाच काढली आणि दोन्ही बहुभुज तिच्यावरच बांधले.

अमळनेरच्या मुलाचा एक प्रश्न उरला होता. सीमा कायमची ठरवली आणि नदी पुढं सरकली तर? जगात याची दोन्ही उत्तरं आहेत. अमेरिका आणि मेक्सिको यांच्यात रिओ ग्रांदे नदी १८४८च्या तहापासून सीमा आहे. १८८४च्या करारानं तिथं ठरवलं की काठ हळूहळू झिजून नदी सरकली तर सीमाही सरकते, पण पुरात नदीनं एकाएकी नवीन वाट फोडली तर सीमा जुन्या पात्रातच राहते. पुढं अशी तुटलेली वळणं जागोजाग झाली. त्यांना 'बांको' म्हणतात. १९०५च्या करारानं अडीचशे हेक्टरपर्यंतचे आणि दोनशेपर्यंत वस्तीचे बांको नदीच्या ज्या बाजूला पडले त्या बाजूच्या देशाचे ठरवले. १९७०च्या तहात तर असंही आहे की दोन्ही देशांच्या संयुक्त आयोगानं हवाई छायाचित्रांवर सीमा आखावी आणि जास्तीत जास्त दर दहा वर्षांनी नकाशे ताजे करावेत. मुहुरीवर याच्या उलट: रेघ थांबवायची आणि तटबंध घालून नदीलाच थांबवायचं. मला स्वतःला मुहुरीची वाट कठीण वाटते. तटबंध सतत राखावा लागतो, आणि एखाद्या साली तो फुटला तर रेघेच्या दोन्ही बाजूंना दुसऱ्याचं पाणी उभं राहतं. पण सरकत्या सीमेखाली ज्याचं घर आहे त्याची रात्रही सोपी नसते. अमळनेरच्या मुलाचं मत माझ्यापेक्षा वेगळं होतं. त्याच्या काकांची बोरीकाठची जमीन पुरात गेली तेव्हा सातबाऱ्यावर ती तशीच राहिली होती आणि त्याच आधारावर पाणी ओसरल्यावर त्यांना ती परत कसता आली, असं त्यानं सांगितलं. कागदावरची रेघ हलली नाही म्हणून.

शेवटी जो नकाशा झाला तो एका पानाचा आहे. रेघेचे तीन तुकडे तीन प्रकारच्या रेघांनी दाखवले आहेत. खालच्या चौकटीत लिहिलं आहे: पहिला तुकडा सहमतीच्या नकाशाबरहुकूम, दुसरा १९७७-७८च्या मोजणीतल्या घाटाच्या कडेनं, तिसरा २०११च्या चित्रातल्या दरडींच्या समान अंतरानं. चित्राचा ठिपका तीस मीटर, म्हणून नदीच्या तुकड्यात पंधरा मीटरपर्यंत चूक शक्य. बिंदू वळणावर अडीच साखळ्यांच्या आत. आधारपृष्ठ डब्ल्यूजीएस-८४, प्रक्षेप यूटीएमचा ४६ वा उत्तर पट्टा. अभ्यासासाठी, प्रसिद्धीसाठी नाही. अडीच साखळ्या हे शब्द तसेच ठेवावेत असा साक्रीच्या मुलीचा आग्रह होता. मी मीटर सुचवले होते. तिनं कंसात पंचवीस मीटर लिहिलं आणि साखळ्या पुढं ठेवल्या.

पान छापून मामांना दिलं. त्यांनी आधी चौकट वाचली, मग रेघ पाहिली. वळणावरच्या दोन बिंदूंमधे पट्टी ठेवून पाहिली. मग विचारलं, पुढच्या पावसाळ्यानंतर पांझरेच्या त्याच वळणावर जायचं का, पाया तिथंच आहे, दोन्ही टोकांना दगड पुरून ठेवले आहेत.